सावकाश विमानाचे कैवारी

"काय सोडणार, ते आधी सांगा," असं म्हणून ते उजवा तळहात टेबलावर पालथा ठेवायचे. तो हात म्हणजे विमान. तुम्ही वेग मागितलात की बोटं जुळून टोक व्हायचं. लपणं मागितलंत की पंजा पसरून चपटा व्हायचा. दोन्ही एकदम मागितलंत, तर हात खिशात घालून ते चहा सांगायचे.

जव्हारमध्ये आमची घरं समोरासमोर. त्यांचं मूळ गाव पोशेरा. हवाई दलात विमानांच्या पत्र्याचं काम करून निवृत्त झालेले. एकच विषय डोक्यात घेऊन फिरणारा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. यांचा विषय होता पुढच्या काळातलं बॉम्बर विमान: ते वेगवान असावं की न दिसणारं?

मी पतपेढीत हिशेब तपासतो. त्यांनी मला आकड्यांतच पकडलं. समजा, शत्रूच्या रडारला तुम्ही तीनशे किलोमीटरवरून दिसता. वेग दुप्पट केलात, तर त्याच्या हातातला वेळ निम्मा होतो. पण विमानाचा आकारच असा घडवलात की तीस किलोमीटरवर येईपर्यंत ते दिसत नाही, तर त्याला दहावा हिस्साच वेळ उरतो. शिवाय वेगानं विमानाचं अंग तापतं, तापलेलं अंग लांबून ओळखू येतं, इंधन भसाभस जळतं, आणि मागे लागलेलं क्षेपणास्त्र तरीही जास्तच पळतं. मी कागदावर मांडून पाहिलं. बरोबर होतं.

"आमच्या नागलीत माकडं येतात तेव्हा फांद्या वाजतात, गोफण तरी मारता येते," ते म्हणायचे. "डुक्कर येऊन गेलं ते सकाळीच कळतं." मात्र असं लपणारं, सावकाश विमान एकदा दिसलं की त्याला पळता येत नाही, ही उणीवही ते न विसरता सांगत.

वाचनालयाच्या व्याख्यानमालेत त्यांना एक तास मिळावा म्हणून मी समितीच्या मागे लागलो. तास मिळाला. घरी घड्याळ लावून सराव केला, तर व्याख्यान दोन तासांच्या वर गेलं. मी म्हटलं, इंजिनांचा भाग गाळा. मग अंग का तापतं ते लोकांना कसं कळणार, असं त्यांचं म्हणणं. जुन्या विमानांचा गाळा म्हटलं, तर मग वेगाचा हट्ट कुठून आला ते कळणार नाही. शेवटी वैतागून मीच हात टेबलावर ठेवला आणि विचारलं, "काय सोडणार, ते सांगा." ते हसले. सोडलं काहीच नाही.

आधी वेगाची बाजू पूर्ण ताकदीनं मांडायची आणि मग खोडायची, असा त्यांचा बेत. ती बाजू इतकी रंगली की टाळ्या पडल्या, आणि तिथंच तास संपला. अध्यक्षांनी माईक घेतला. आपलं विमान सुसाटच गेलं पाहिजे हे वक्त्यांनी पटवून दिलं, असं म्हणून आभार मानले. हे बाजूला उभे राहून "नाय, नाय, पुढं हाय अजून," म्हणत होते. मागं ऐकू गेलं नाही.

त्यानंतर गावात ते "सुसाट काका" झाले. कुणी तशी हाक मारली की ते त्याला थांबवून उरलेलं व्याख्यान द्यायचे. डेपोत, बाजारात, कुठंही. ऐकणाऱ्याची मोखाड्याची एसटी लागायची आणि तो निम्म्यावरून जायचा. ते दुसरा माणूस शोधायचे.

मी समितीकडे आणखी एक तास मागितला. विषय होऊन गेलाय, असं उत्तर आलं. याच समितीनं मधुमेहावर सलग दोन संध्याकाळी दिल्या होत्या. ते मी बोलून दाखवलं, तेव्हा "पुढच्या वर्षी बघू" झालं.

पुढच्या वर्षाच्या आतच, थंडीत, ते झोपेत गेले.

शोकसभा त्याच सभागृहात, अध्यक्ष तेच. वेगाचा ध्यास घेतलेला माणूस गेला, असं ते म्हणाले आणि माझा संयम सुटला. मी उठून म्हणालो, "ते सावकाश विमानाच्या बाजूचे होते." मागं कुणीतरी हसलं. अध्यक्षांनी हातानं बसा अशी खूण केली.

पुढं सतरंजीवर बसलेल्या त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, मागं न वळता म्हणाल्या, "बोला भाऊ. त्यांचं राहिलंय."

मी रडारपासून सुरुवात केली. इंजिनांपर्यंत आलो, तेव्हा दाराशी चपलांची शोधाशोध सुरू झाली होती. मी आवाज वाढवला.