फुकटच्या ट्रॅकमधली बाई

आमच्या भिंतीपलीकडचा माणूस नेरच्या कापूस बाजारात वजनकाट्यावर असतो. यंदा भाव पडलेला, गाड्या येत नाहीत, म्हणून तो दुपारीच घरी येऊन गिटार घेऊन बसतो. साथीला मोबाईल. नेटवरून उतरवलेल्या ट्रॅकमध्ये ड्रम, बास सगळं असतं, गिटार तेवढी आपण वाजवायची. पण ट्रॅक फुकटचा, त्यामुळे मध्येमध्ये एक बाई इंग्रजीत वेबसाइटचं नाव सांगते. ती बोलायला लागली की हा तारांवरून हात काढतो.

"काहून थांबता?" मी एकदा विचारलं.

"बाई बोलून राह्यली ना! मधात कायले वाजवा?"

बाजारातही तो असाच. समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत गप्प, आणि समोरच्याचं कधी संपतच नाही.

परवा गल्लीतल्या हळदीला तो पहिल्यांदाच लोकांसमोर बसला, खऱ्या ढोलकीसोबत. छान रंगला आणि मध्येच सवयीनं थांबला. ढोलकीवाला वाजवता वाजवता वाकून म्हणाला, "भाऊ, थांबले काहून? तुमचीच तर बारी हाये!"

तो ओशाळून हसला आणि मग जो सुटला!

काल भिंतीपलीकडे ती बाई पुन्हा बोलली. काय म्हणाली, ते गिटारमुळे मला ऐकूच आलं नाही.