बाबा नागपूरला नाहीत

नंदाचा धाकटा भाऊ समाधान लोणी काळभोरजवळच्या अपघातात गेला, तेव्हा त्याच्या मुलीला, सात वर्षांच्या चैतालीला, शेजाऱ्यांकडे ठेवलं होतं. अंत्यसंस्काराला नाही, नंतरच्या जलदान विधीलाही तिला आणलं नाही. बाबा कामासाठी नागपूरला गेलेत, एवढंच तिला सांगितलं. हे ठरवलं नंदाच्या थोरल्या भावाने, भीमरावांनी. तिची आई दीपाली काही बोलण्याच्या स्थितीतच नव्हती.

नंदा कर्वेनगरात बालवाडीत शिकवायची. पोरीला खरं सांगा, म्हणून तिने घसा कोरडा केला. भीमरावांचं उत्तर ठरलेलं होतं, लहान आहे, विसरेल. पाहुणे यायचे, चैतालीच्या हातात चॉकलेट ठेवायचे आणि तिच्यासमोरच कुजबुजायचे. शाळेत तिने एका मुलीला कडकडून चावलं. बाईंनी नंदाला बोलावून घरी जरा वळण लावायला सांगितलं. समुपदेशक भेटतील का, असं विचारलं, तर त्या दुसऱ्या शाखेत गेल्या होत्या. नंदा दात-ओठ खात परतली.

संध्याकाळी ती वेणी घालत असताना चैताली म्हणाली, "बाबा चिडलेत ना? मी त्यांना टाटा केला नाही, म्हणून फोन करत नाहीत."

नंदाचे हात थांबले. मग कुणाला न विचारताच ती बोलली. "बाबा चिडले नाहीत गं. अपघात झाला आणि ते वारले. आता परत येणार नाहीत. यात तुझी काही चूक नाही."

चैताली रडली नाही. "म्हणजे आत्या, तूपण खोटं बोललीस," म्हणाली, आणि अर्धी वेणी तशीच घेऊन उठली.

पुढे कितीतरी दिवस ती नंदाशी बोलली नाही. ज्यांनी खोटं रचलं त्यांच्या मांडीवर बसायची, आणि खरं सांगणारीकडे पाठ. त्यात भीमराव म्हणाले, "आपण आता मोठ्या तज्ज्ञ झालात." नंदाला वाटलं, सोडून द्यावं सगळं.

चावणं मात्र थांबलं. आता प्रश्न सुरू झाले. भाजी घेताना, जेवताना, कुणालाही. एकदा तिने भीमरावांनाच विचारलं, बाबांना खूप लागलं का. त्यांनी टीव्ही लावला. नंदाने तो बंद केला.

"दादा, तिला उत्तर दे."

रिमोट बाजूला ठेवून ते म्हणाले, "लागलं गं," आणि पुतणीसमोर पहिल्यांदाच रडले.

चैतालीने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "मग मला त्यांना शेवटचं बघायला का नेलं नाही?"

भीमराव नंदाकडे पाहू लागले. नंदा त्यांच्याकडे. चैताली उत्तराची वाट पाहत उभी राहिली.