कपलर कापायचा नाही

कटरशेठला कंपनीने बसवलेल्या कुठल्याही वस्तूचा राग होता, आणि गाडीतल्या टेपचा तर सगळ्यात जास्त. गिऱ्हाईक जुनी गाडी घेऊन आलं की तो खिडकीतून आत डोकावायचा, नाक मुरडायचा आणि विचारायचा, "हा टेप आहे की साबणाचा डबा?" गिऱ्हाईक बिचारं ओशाळायचं, जसा काही तो टेप त्यानेच घरी बसून बनवला होता. एकदा माणूस ओशाळला की शेठचं निम्मं काम झालं. मग तो खिशातून कटर काढायचा.

नाव उगाच नव्हतं पडलं. टेपच्या मागे प्लास्टिकचा एक ठोकळा खुपसलेला असतो, त्याला कपलर म्हणतात. गाडीच्या सगळ्या वायरी त्यात येतात. नवा सेट बसवायचा तर हल्ली तयार जोडवायर मिळते. एक टोक कपलरमध्ये, दुसरं सेटमध्ये, की संपलं. काही कापायला नको, काही सोलायला नको. पण शेठला हे कसं पटावं? "ही आयतखाऊंची कामं!" असं म्हणून तो कपलर कच्चकन उडवायचा, वायरी दातांनी सोलायचा, एकमेकींभोवती पिळायचा आणि वरून काळी पट्टी गुंडाळायचा. महिन्याभरात पट्टी उन्हाने सुटायची, एका बाजूचा स्पीकर मुका व्हायचा, गिऱ्हाईक बोंबलत यायचं. त्यावर शेठचं उत्तर तयार: "तुमच्या गाडीतच दम नाही, त्याला मी काय करू?" नाचता येईना, अंगण वाकडं. गिऱ्हाईक पुन्हा यायचं नाही, आणि शेठ म्हणायचा, बघा, काम कसं कायमचं झालंय.

टायरवाला आणि चावीवाला यांच्या मधे त्याचं चिंचोळं दुकान. गाडी आत मावायची नाही, म्हणून काम रस्त्याच्या कडेला आणि बडबड दुकानात. अलीकडे मात्र बडबडच जास्त. मान आखडल्यामुळे डॅशबोर्डखाली शिरता येईना, आणि नव्या टचस्क्रीनमधलं अर्धंअधिक त्याला कळेना. कबूल कोण करतो! तो म्हणायचा, "मी आता फक्त अवघड कामं घेतो." अवघड कामंही येत नव्हती, हा भाग वेगळा.

त्याची सगळी आशा लेकीवर होती. लेक गावाच्या दुसऱ्या टोकाला एका मोठ्या वर्कशॉपमध्ये गाड्यांचं वायरिंग करायची, आणि झकास करायची. ती दुकानात आली तर दुकान राहील, नाहीतर शटर ओढायचं, हे तो आतून जाणून होता. एवढंच नाही. लेक शेजारी उभी राहून काम करतेय, हे त्याला बघायचं होतं. त्यासाठी तो आतल्या आत तळमळत होता. पण तिला म्हणाला काय? "ये हवं तर. तेवढंच तुला शिकायला मिळेल."

लेक हसली नाही. म्हणाली, "येते बाबा. पण एक अट. कपलर कापायचा नाही."

"का गं?"

"का म्हणजे? तुम्ही कापलेल्या गाड्या आमच्याकडे येतात. मी पट्टी बघूनच ओळखते. आमचे साहेब सगळ्यांसमोर विचारतात, हे कुठल्या गाढवाचं काम? आणि मी मान खाली घालून जोडत बसते. माझे बाबा आहेत, असं आजवर सांगितलं नाही. लाज वाटते हो मला."

दुसरा कुणी असता तर जमिनीत गडप झाला असता. कटरशेठ म्हणाला, "गाढव म्हणतो? त्याला म्हणावं, समोर ये!" एवढ्या सगळ्यातून त्याला तेवढा एकच शब्द ऐकू आला. तरी लेक हातची जाईल या भीतीने त्याने वचन दिलं, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या रस्त्याला सांगत सुटला की पोरगी पहिल्या तारखेपासून दुकानात येतेय, माझ्या हाताखाली.

पहिलं काम घरचंच निघालं. त्याची बायको नर्स, घरोघरी जाऊन आजारी माणसांचं बघायची आणि दिवसभर स्वतःची जुनी गाडी चालवायची. तिच्या टेपवर एकच स्टेशन लागायचं, तेही खरखरत. लेकीने आईसाठी नवा सेट आणला, म्हणजे पेशंटचे फोन गाडीच्या स्पीकरवर घेता येतील. सुट्टीच्या दिवशी गाडी दुकानासमोर लागली. लेकीने फटीत दोन पातळ लोखंडी पट्ट्या घालून जुना टेप अलगद बाहेर काढला, कुठे ओरखडासुद्धा नाही. पण सेटभोवतीची फ्रेम लहान निघाली. ती बदलून आणायला ती कोपऱ्यावरच्या दुकानात निघाली.

"बाबा, मी येईपर्यंत हात लावू नका."

"मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

ती दिसेनाशी झाली, तसा तो सीटवर जाऊन बसला. जोडवायर उचलली, कपलरला लावली. बसेना. जरा जोर केला. बसेना. त्याच्या तोंडावर केवढा आनंद! "म्हटलं नव्हतं? आयतं ते आयतंच!"

बायको दारात स्टुलावर बसली होती. "अहो, थांबा ना. येतेय ती."

"तुला काय कळतं यातलं?"

आणि कच्च.

लेक परत आली तेव्हा स्क्रीन झगमगत होता आणि गाणं दणाणत होतं. शेठ बॉनेटला टेकून उभा, मिशीला पीळ देत. "बघ! तू गेलीस काय, आलीस काय, काम तमाम."

लेकीने गाणं बंद केलं. वाकून डॅशबोर्डच्या पोकळीत बघितलं. सीटवर पडलेला कापलेला कपलर एका हातात घेतला, जोडवायर दुसऱ्या हातात, ती उलटी फिरवली आणि दाबली. खट्ट. नुसत्या अंगठ्याने बसली.

"उलटी धरली होतीत, बाबा."

"बरं मग? वाजतंय ना?"

"वाजतंय." तिने हात पुसले. "आई, आत्ताच वर्कशॉपला जाऊ. चावी आहे माझ्याकडे. सगळं सोडवून नीट करून देते."

"तिकडे कशाला?" शेठचा आवाज चिरकला. "आता पहिल्या तारखेपासून तू इथेच—"

"नाही बाबा. मी नाही येणार."

बायको स्टेअरिंगवर जाऊन बसली. लेक शेजारी बसली, पण दार तिने लगेच लावलं नाही. त्याच्याकडे बघत राहिली. चुकलो, एवढंच म्हणायचं होतं. ती त्याचीच वाट बघत होती, आणि हे त्या ठोंब्यालाही कळत होतं. शब्द ओठावर आला होता. पण सुंभ जळला तरी पीळ जाईल तर शपथ!

"जरा बेस वाढवून ऐका," तो म्हणाला, "मग कळेल काम कसं असतं ते."

दार लागलं. गाडी गेली.

टायरवाला पान्याने नट आवळत सगळं बघत होता, पण ऐकू त्याला काही आलं नव्हतं. त्याने सहज विचारलं, "काय शेठ, लेक येणार ना मग पहिल्या तारखेपासून?"

शेठने घसा खाकरला. एकदा वळणापर्यंत रस्ता बघितला.

"छे," तो म्हणाला. "मीच नको म्हटलं. तिचा हात अजून बसलेला नाही."