विम्यात न बसणारं पोट

सणसरमध्ये कुणालाही फॉर्म भरायचा असला की तो माझ्याकडं येतो. पीकविमा असो, पेन्शन असो, नाहीतर पोराचा दाखला. बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं की आपल्याला सगळंच कळतं असं माणसाला वाटायला लागतं, आणि गावही मान डोलावतं. म्हणून बायकोनं एकदा भाकरी थापता थापता विचारलं, "पोटाचं आपरेशन इम्यात बसतं का वो?" तेव्हा मी पेपरातून डोकंही वर काढलं नाही. म्हणालो, "सुटलेलं पोट आत घ्यायचं? ती हौस झाली. हौसेला विमा नसतो."

उत्तर बरोबर होतं. तिला काय विचारायचंय, ते मात्र मी ऐकून घेतलं नाही.

तिसऱ्या बाळंतपणापासून तिचं पोट सुटलं होतं. आमच्याकडं बाळंतिणीचं पोट सव्वा महिना जुन्या लुगड्याच्या पट्टीनं घट्ट बांधतात. त्या वेळी आई अंथरुणाला खिळलेली, घरात करणारं दुसरं कुणी नाही. ही बाराव्या दिवशीच उठून कामाला लागली. पुढं दर हळदीकुंकवाला एखादी तरी म्हणायचीच, "पोट बांधलं न्हाईस, त्याचं फळ हाय हे." अलीकडं ती पुन्हा पट्टी बांधायला लागली, तेव्हा मीही चिडवलं, "बैल गेला नि झोपा केला!" ती हसली. ती हसली की विषय संपला, असं मी धरून चालायचो.

मग थोरलीचं लग्न इंदापूरला ठरलं आणि बायकोनं पुन्हा तेच विचारलं. मला वाटलं, विहिणीपुढं बरं दिसावं म्हणून विचारतेय. म्हटलं, चल, डॉक्टरांच्याच तोंडून ऐक. मोटरसायकलवर बारामतीला जाताना पिंपळी गाव मागं पडलं तेव्हा तिला बजावलं, "आत तू काही बोलू नकोस. जुनं दुखणं आहे असं तोंडातून गेलं, तर कंपनी म्हणेल आजार लपवला. मी बोलतो."

बारामतीचे ते डॉक्टर तरुण होते, अदबीनं बोलणारे. त्यांनी हिला विचारलं, "काय त्रास होतो, ताई?" उत्तर मी दिलं. आमच्याकडं दवाखान्यात बायकोचं दुखणं नवराच सांगतो आणि त्यात कुणाला वावगं वाटत नाही. "त्रास असा काही नाही. दिसायला बरं दिसत नाही, एवढंच."

"नुसतं दिसण्यासाठी असेल तर विमा मिळणार नाही," ते म्हणाले. "पण पोटाचे स्नायू फाकून आतडं बाहेर येत असेल, म्हणजे हर्निया असेल, तर ते ऑपरेशन विम्यात बसतं. दुखतं का? तपासून बघू?"

तिनं माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "तसलं काही नाही, डॉक्टर," आणि उठलोसुद्धा. बाहेर येऊन वर तिलाच ऐकवलं, "बघ, मी काय सांगत होतो?"

लग्न झालं. दिवाळीच्या आधी गिरणीतून आलेला पिठाचा डबा उचलताना ती मटकन खाली बसली. उलट्या थांबेनात, बेंबीपाशी दगडासारखी गाठ. शेजाऱ्याच्या जीपमधून बारामतीच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. हर्नियात आतडं अडकून काळं पडलं होतं, तेवढा तुकडा कापून काढावा लागला. तिथले डॉक्टर म्हणाले, "वेळेत आला असता तर साधं ऑपरेशन होतं." आम्ही वेळेत आलो होतो, हे सांगायला माझी जीभ रेटली नाही.

विम्यानं काही खळखळ केली नाही. जुन्या दुखण्यासाठी जी काही वर्षं थांबावं लागतं, ती आमच्या पॉलिसीची कधीच उलटून गेली होती. तसं त्या कागदांत लिहिलेलं होतं. अख्ख्या गावाचे कागद वाचणाऱ्या मी ते पान उलटलंच नव्हतं.

चौथ्या दिवशी ती जरा बोलायला लागली. मी विचारलं, "इतकं दुखत होतं, तर बोलली का नाहीस?"

"तुमी डाक्तरला न्हाय म्हनालासा," ती म्हणाली. "मला वाटलं, दुखतंय हे तुमाला ठावं हाय, पर कागदासाटी तसंच सांगायचं असंल."

मला ठाऊक नव्हतं. तिच्याच घरात राहून, तिच्याच हातचं खाऊन मला ठाऊक नव्हतं. याची लाज मला आजही वाटते.

संध्याकाळी गावाकडची माणसं बघायला आली. कुणीतरी म्हणालं, "गुर्जी हाईत म्हनून निभावलं. इम्याचं आमाला काय कळतंय?" टोमणा मारायला तिला याहून चांगली संधी मिळाली नसती. तिनं मारला असता तर मला बरंच वाटलं असतं. पण ती उशीवरून मान वळवून, अगदी मनापासून, सगळ्यांना सांगत राहिली, "व्हय, ह्यांनी लई केलं माज्यासाटी." आणि मी तिथं उभा राहून ते ऐकून घेतलं.