टिकलीखालचं बटण

बाबांचा आवाज आईच्या फोनमध्ये होता आणि आता तो नाही. गोष्ट खरं तर एवढीच. पण ती सांगायला बसले की माझं डोकं सणकतं, तेव्हा मध्येच तोंड सुटलं तर सांभाळून घ्या. मी मुळात फटकळ आहे, आणि या बाबतीत तर कोणाला सोडणार नाही.

आमची सुपारीची वाडी दिवेआगरला. वादळात निम्म्याहून जास्त पोफळी आडव्या झाल्या, तेव्हा बाबा दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. मग उठले आणि नवी रोपं लावायला घेतली. लोक म्हणायचे, या वयात कशाला, सुपारी धरायला किती वर्षं लागतात! बाबांनी कोणाचं ऐकलं नाही. रोपं गुडघ्याएवढी झाली आणि बाबा आजारी पडले. त्यांना मुंबईच्या इस्पितळात ठेवावं लागलं.

मी पनवेलला राहते, त्यामुळे इस्पितळ माझ्याकडे आलं. आई वाडीतच राहिली. काचबिंदूमुळे तिला तेव्हाच जेमतेम दिसत होतं, प्रवास झेपला नसता. शिवाय रोपांना पाणी कोण सोडणार? गडी होता, पण बाबांचा त्याच्यावर काडीचा भरवसा नव्हता. म्हणून रोज संध्याकाळी ते खाटेवर पडल्या पडल्या आईला व्हॉइस मेसेज पाठवायचे. "ऐकलंस का गो? विहिरीकडच्या रांगेला आधी पाणी सोडायला सांग. कोपऱ्यातल्या रोपावर झावळी टाकली की नाही? पोळेल ते. गड्याला म्हणावं, रोपांभोवतीची आळी नुसती उकरू नकोस, नीट कर." मग थोडा खोकला. मग कधीतरी, फोन ठेवता ठेवता, "जेवलीस ना?" आमच्याकडे नवराबायको एकमेकांशी याहून जास्त गोड बोलत नाहीत. मी बाजूच्या स्टुलावर बसून ऐकायचे आणि मला हसू यायचं. सलाईन लावलेला माणूस रोपांची सावली मोजत होता.

बाबा घरी परत आले नाहीत. तेराव्याला त्यांची छत्री, चपला, धोतरं रीतीप्रमाणे देऊन टाकली, आणि फोनही आतलं सगळं पुसून गड्याला दिला. गेलेल्या माणसाच्या वस्तू घरात ठेवायच्या नाहीत, असं आमच्याकडे पहिल्यापासून आहे. निरोप आईच्या फोनमध्ये होतेच, त्यामुळे तेव्हा कोणाच्या मनात काही आलं नाही.

वर्षभरात आईची नजर पूर्ण गेली. खाऱ्या हवेनं तिचा फोनही खाल्ला, नुसता चालू बंद व्हायचा. मी तिला घेऊन श्रीवर्धनच्या दुकानात गेले. दुकानदाराने जुना फोन एक्स्चेंजमध्ये घेतला, नवीन दिला आणि बाबांचे सगळे निरोप एका आवाजाच्या अ‍ॅपमध्ये ओळीने भरून दिले. माझ्या फोनवरही तेच खातं जोडलं. म्हणाला, "ताई, आता घोर नाही. इकडे आहे ते तिकडेही आहे."

आता आंधळ्या बाईने ते लावायचं कसं? फोन म्हणे बोललेलं ऐकतो. मी आईला शिकवलं की ज्यांचे मेसेज हवेत त्यांचं नाव घ्यायचं. आई म्हणाली, "ह्यांचं लाव." फोन म्हणाला, समजलं नाही, कृपया नाव सांगा. आईने पुन्हा सांगितलं, "अरे, ह्यांचं, आमच्या घरातल्यांचं." फोनचं आपलं तेच. मी म्हटलं, "आई, एकदा नाव घे ना बाबांचं. तो काय माणूस आहे का, मशीन आहे गो ते." आई म्हणाली, "ते मशीन असेल, पण मी तर मीच आहे ना?" जन्मात लग्नातल्या उखाण्यापलीकडे नवऱ्याचं नाव न घेतलेली बाई ती, मशीनसाठी घेणार होती होय! मी पुढे आग्रह केला नाही.

मग आंधळ्यांसाठी म्हणून फोनमध्ये जी सोय असते ती चालू केली. बोट ठेवाल तिथे काय आहे ते फोन बोलून सांगतो. आईने बोट ठेवलं. फोन म्हणाला, "बटन." दुसरीकडे ठेवलं. "बटन." तिसरीकडे, "बटन." आई वैतागली, "अरे मेल्या, कसलं बटन ते तर सांग!" त्या अ‍ॅपवाल्यांनी बटणांना नावंच दिली नव्हती. बघणाऱ्याला चित्र दिसतं, झालं काम. न बघणाऱ्याचं काय, हा विचार त्या एवढ्या मोठ्या कंपनीत एकाही शहाण्याला सुचला नव्हता. आम्ही हसलो होतो तेव्हा, ते आठवलं की आता राग येतो.

शेवटी मी ती सोय बंद केली आणि माझी अक्कल चालवली. कपाटात आईच्या टिकल्यांची पाकिटं पडून होती, बाबा गेल्यापासून तिने लावायच्या सोडल्या होत्या. त्यातली एक जाड, खड्याची टिकली काढली आणि फोनच्या काचेवर, आवाज सुरू करायच्या बटणावर बरोबर चिकटवली. फोन उघडला की तेच अ‍ॅप समोर येईल असं करून ठेवलं. अंगठ्याला खडा लागला की दाबायचं, पुन्हा दाबलं की बंद. आईला इतका आनंद झाला! सगळे निरोप ओळीने ऐकून व्हायला भात शिजेल एवढा वेळ लागायचा. संध्याकाळी दिवा लावून ती पडवीत बसायची आणि बाबा सुरू व्हायचे. ती त्यांना उत्तरंही द्यायची. "हो, टाकली झावळी." "हो हो, जेवले." रोपं एव्हाना डोक्याच्या वर गेली होती, तरी झावळी टाकल्याचं ती रोज सांगायची. शेजारच्या काकू म्हणायच्या, तुझी आई पूर्वी भांडायची नाही एवढी आता भांडते त्यांच्याशी.

मी पनवेलहून रोज फोन करायचे आणि विचारायचे, आज बाबांना ऐकलंस का? ती म्हणायची, "हो गो." मीही निर्धास्त होते.

मे महिन्यात गेले तेव्हा संध्याकाळी आई पडवीत फोन घेऊन बसलेली होती. अंगठा टिकलीवरून फिरवत होती, पण दाबत नव्हती. मी म्हटलं, "लाव ना, मीही ऐकते."

"नको. दमलेत ते."

"म्हणजे?"

"बोलत नाहीत हल्ली. मी फार ऐकलं ना, रोज रोज. पूर्वी टेपची पट्टी झिजायची तसे झिजले असतील. पहिल्यांदा बंद पडले तेव्हा मी आठवडाभर हातच लावला नाही. म्हटलं, थोडी विश्रांती मिळाली की बोलतील." मग म्हणाली, "तुला सांगितलं नाही, फोनवर नुसतं हो गो म्हणत राहिले. तू धावत आली असतीस, पोरांच्या परीक्षा टाकून."

मी फोन हिसकावूनच घेतला. अ‍ॅप उघडं होतं आणि रिकामं होतं. ते अ‍ॅप आपलं आपण नवीन झालं होतं, रंग वेगळा, रचना वेगळी. आवाज सुरू करायचं बटण खाली कोपऱ्यात गेलेलं. आणि टिकली नखाने काढली तर तिच्याखाली भलंमोठं निळं बटण होतं. जागा मोकळी करा, जुन्या फाइली काढून टाका, असं इंग्रजीत लिहिलेलं. काय झालं असेल ते मला तिथेच उभ्या उभ्या दिसलं. आईने नेहमीसारखं दाबलं. आवाज आला नाही. फोनने विचारलं असेल, नक्की काढू? त्याचं होकाराचं बटणही त्याच जागी. आवाज आला नाही म्हणून तिने पुन्हा दाबलं. तिच्यासाठी ते बाबांना बोलावणं होतं आणि मेल्यांनी तिथे केराची टोपली आणून ठेवली होती.

माझ्या फोनवर बघितलं. तिथेही रिकामं. इकडचं काढलं की तिकडचंही आपोआप निघतं, हीच त्यांची सोय. काढलेल्या फाइली महिनाभर राखून ठेवतात म्हणे, पण आई त्याच्या कितीतरी आधीपासून गप्प बसली होती. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. कंपनीच्या मदतीच्या पानावर सगळं लिहिलं, अंधत्व, वडील, टिकली, सगळं. उत्तर क्षणात आलं, म्हणजे माणसाने वाचलंच नव्हतं. फाइली परत मिळू शकत नाहीत, गैरसोयीबद्दल खेद आहे. आणि खाली पाच चेहरे, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत, आमची मदत कशी वाटली ते निवडा. मी रडका निवडला. त्यांनी आभार मानले.

गैरसोय! पाणी नाही आलं तर गैरसोय. बस चुकली तर गैरसोय. याला काय म्हणायचं ते त्यांच्या यादीत नसेल, पण निदान हा शब्द तरी वापरायचा नव्हता. मी मागच्या दारी जाऊन रडले. पुढे आले तेव्हा आईने विचारलं, "माझ्या हातून काही झालं का गो?"

मी म्हटलं, "नाही. तुझ्या हातून काही झालं नाही. त्यांनी बटण हलवलं, तुला न विचारता."

"आणि आता?"

"आता नाहीत आई. गेले ते."

तिला ते दुसऱ्यांदा सांगत होते मी. पहिल्यांदा इस्पितळातून फोनवर सांगितलं होतं, तेव्हा ती मोठ्याने रडली होती. या वेळी ती नुसती मान हलवत राहिली. मग म्हणाली, "शेवटचं ऐकलं त्या दिवशी मी वाल सोलत होते. ह्यांचं अर्धं झालं आणि शेजारीण आली, म्हणून मध्येच बंद केलं. म्हटलं, राहिलेलं उद्या ऐकू."