वरचं तावदान

मी खिडक्या बदलल्या नाहीत. बदलणारही नाही. लंडनच्या हॅरो भागातल्या आमच्या रस्त्यावर जुन्या लाकडी खिडक्यांची फार थोडी घरं उरली आहेत, त्यातलं एक आमचं. बाकीच्यांनी पांढऱ्या प्लास्टिकच्या डबल ग्लेझिंगच्या, म्हणजे दुहेरी काचांच्या, खिडक्या बसवून घेतल्या. मी त्यांना नावं ठेवत नाही. पण आमच्या खिडक्यांना मात्र जो येईल तो नावं ठेवून गेला, म्हणून हे लिहितो आहे.

आमच्या खिडक्या वर-खाली सरकणाऱ्या. एकामागे एक अशी दोन तावदानं असतात, खालचं वर जातं आणि वरचं खाली येतं. चौकटीच्या पोटात दोऱ्यांना लोखंडी वजनं लटकवलेली असतात, त्यांच्या तोलावर एवढं जड तावदान एका हाताने हलतं. सरकायचं म्हटलं की फट आली, आणि फट आली की वारा आला. नोव्हेंबरात या खिडक्या खडखडायच्या आणि बंद खिडकीसमोरचे पडदे हलायचे. बायको म्हणायची, "पडदे बघ कसे श्वास घेतायत."

आम्हाला याची सवय झाली होती. पण बाबा गेले, आईने पिनरचा फ्लॅट सोडला आणि ती आमच्याकडे राहायला आली. पुढच्या खोलीच्या खिडकीपाशी तिने स्वतःची खुर्ची लावून घेतली. तिथून रस्ता दिसतो, शाळेतून परतणारी मुलं दिसतात, कुणाच्या दारात पार्सल आलं ते दिसतं. मी हॉस्पिटलमधून यायचो तेव्हा ती स्वेटर, शाल आणि गुडघ्यांवर ब्लँकेट अशी बसलेली असायची. माझं काम भूल देण्याचं. टेबलावर झोपलेल्या परक्या माणसाचं अंग गार पडू नये म्हणून आम्ही गरम हवेची ब्लँकेट्स वापरतो, तापमान सारखं बघत राहतो. आणि घरी माझी आई हातमोजे घालून पेपर वाचत होती. तिने कधी तक्रार केली नाही. ती केली असती तर मला सोपं गेलं असतं.

तक्रार केली धाकट्या भावाने, मार्चच्या गारठ्यात. तो वॉटफर्डला राहतो, नव्या घरात. त्या घरात भर जानेवारीत सगळे टी-शर्टवर फिरतात.

"दादा, सीरियसली, हे घर आहे की फ्रिज?" तो आल्याआल्या म्हणाला. "खिडक्या बदल ना. सगळ्यांनी बदलल्या."

"दुरुस्त करतोय."

"कोण, तू? तुला आयकियाचं टेबल जमलं नव्हतं."

"ते टेबलच वाकडं होतं."

आई हसली. तो हसला नाही. जाताना दारात उभा राहून त्याने सांगितलं, "येती दिवाळी होऊ दे. मग मी येतो. तोपर्यंत हे असंच असेल तर आईला घेऊन जातो. तिच्या गुडघ्यांवर तुझा हट्ट नको."

मला फार लागलं, कारण यातलं अर्धं खरं होतं. खिडक्या का बदलायच्या नाहीत, हे मला नीट सांगता येत नव्हतं. लाकूड अजून ठणठणीत आहे, दुरुस्त होण्यासारखं आहे, ते कचऱ्यात का टाकायचं, असं मी म्हणायचो. तेही खरंच होतं. पण त्याहून खरं असं की प्लास्टिकच्या खिडक्या बसवल्या तरच माझं आईवर प्रेम आहे, असं जो तो मला सुचवत होता, आणि ते मी ऐकून घेणार नव्हतो. मी लहानपणापासून ऐकणारा मुलगा. शाळा, कॉलेज, नोकरी, लोन, सगळं विचारून केलं. या एका गोष्टीत मी कुणाला विचारलं नाही. पण आई जाईल ही भीती होतीच. ती तिच्या खुर्चीसकट जाईल आणि मग त्या खिडकीपाशी कुणीच बसणार नाही.

मी सुट्टी घेतली. व्हिडिओ बघून शिकलो. खिडकीच्या कडेच्या लाकडी पट्ट्या पटाशीने हळूच उचकटायच्या, तावदान बाहेर काढायचं, जुना रंग खरवडायचा आणि कडांना खाच पाडून त्यात ब्रशसारखी केसाळ पट्टी बसवायची. ती पट्टी फट भरते, पण तावदानाला सरकू देते. पहिल्या खिडकीला माझा अंगठा फाटला. दुसरीला दोरी हातातून सुटली आणि वजन चौकटीच्या आत धाडकन पडलं. आई आतून ओरडली, "पाडलंस का घर?"

वारा नेमका कुठून येतो ते बघायला मी उदबत्ती घेऊन खिडकीच्या कडेकडेने फिरवायचो. धूर जिथे आडवा होईल तिथे फट. आईने ते पाहिलं आणि कपाळावर आठी घातली.

"देवाची उदबत्ती खिडकीला ओवाळतोस?"

"फट शोधतोय गं."

"मग खुणेला कुंकूही लाव." पण दुसऱ्या दिवशी तिने देवघरातला पुडा आपणहून माझ्यासमोर ठेवला.

पुढच्या खोलीचं काम चांगलं झालं. धूर सरळ वर जाऊ लागला, आईचे हातमोजे सुटले. माझी छाती फुगली. गणपतीत आई भावाकडे गेली होती तेव्हा मी स्वयंपाकघराची खिडकी घेतली. व्हिडिओतल्या माणसाने सांगितलं होतं की वरचं तावदान सहसा कुणी उघडत नाही, ते सरळ बंद करून टाकावं. मला पटलं. मी वरच्या तावदानाच्या चारी कडांना सिलिकॉन भरलं, बोटाने गुळगुळीत केलं आणि खालच्याला ब्रशच्या पट्ट्या बसवल्या. एवढं नेटकं काम मी आयुष्यात केलं नव्हतं.

त्या व्हिडिओतल्या माणसाच्या घरी लसणीची फोडणी देत नसावेत.

आई परत आली आणि दुसऱ्याच सकाळी तिने आमटीला फोडणी घातली. लसूण, लाल मिरची, हिंग. नेहमीप्रमाणे आकडीची काठी वरच्या तावदानाला अडकवून तिने खाली ओढलं. ते हललं नाही. पुन्हा ओढलं. तोवर मिरचीचा धूर घरभर झाला, छताला लावलेला धुराचा अलार्म किंचाळायला लागला, आणि मी जिन्यावरून उतरलो तेव्हा आई पदर नाकाला लावून खोकत होती.

"खालची उघड!" मी म्हणालो.

"खालची उघडली की वारा थेट गॅसवर येतो आणि माझ्या पोटावर. धूर वर असतो रे, खाली नसतो! कुणी चिकटवली ही?"

बायकोने माझ्याकडे बोट दाखवलं.

मला तेव्हा जे कळलं ते मला आधीच माहीत असायला हवं होतं. आम्ही दोघं भाऊ शाळेत जायचो तेव्हा फोडणीच्या आधी आई आमचे कोट हुकावरून काढून वर नेऊन ठेवायची आणि बाहेर बर्फ असलं तरी खिडकी उघडायची. मुलांच्या कपड्यांना वास लागायला नको, वर्गात कुणी काही म्हणायला नको. इथल्या आपल्या कितीतरी घरांत हेच चालायचं. आमची जेवणं उघड्या खिडकीशी तयार झाली, आणि तो गारठा तिचा तिने सोसला.

त्यानंतरचे काही दिवस तिने फोडणीच घातली नाही. साधं वरण, उकडलेल्या भाज्या, दहीभात. "मला आता तिखट पचतही नाही," असं म्हणाली. मला तिची ही वाक्यं ओळखता येतात. घर उबदार झालं होतं आणि माझी आई त्यात पाहुण्यासारखी वागत होती. एका दुपारी ती फोनवर भावाला म्हणताना ऐकलं, "बघू रे. आले तर दिवाळीनंतर येईन."

मी त्या शनिवारी पातं घेऊन बसलो आणि माझं ते नेटकं सिलिकॉन कापून काढलं. तावदान उतरवलं. त्याच्या वरच्या काठावर तेलाचा पिवळा थर बसला होता, ती आली तेव्हापासूनच्या फोडण्यांचा. तो धुतला. दोऱ्या कुजल्या होत्या, नव्या ओवल्या. काठाला ब्रशची पट्टी लावली, म्हणजे बंद असताना वारा आत येणार नाही आणि ओढलं की ते खाली उतरेल. संध्याकाळी आईला हाक मारली. तिने काठी अडकवली आणि ओढली. तावदान आवाज न करता उतरलं.

मग तिने ते दोनदा वर-खाली करून बघितलं.

भाऊ दिवाळीनंतरच्या रविवारी आला. हातात रिकामी सूटकेस होती. ती त्याने पॅसेजमध्ये उभी केली, कोट हुकाला लावला आणि म्हणाला, "दे उदबत्ती. मी स्वतः बघणार."

त्याने एकेक खिडकी तपासली. धूर सरळ. आईच्या खुर्चीपाशी तो ओरडला, "हे बघ! इथे हलतोय!"

"तू नाकाने फुंकतोयस म्हणून हलतोय."

त्याने श्वास धरला. धूर सरळ झाला. तरी तो म्हणाला, "ओके, फाइन, चांगलं केलंयस. पण दादा, आमचं घर प्रॉपर वॉर्म आहे. आईने या वयात प्रॉपर वॉर्म घरात राहायला पाहिजे."

मी सहसा गप्प बसतो आणि मग आठवडाभर मनात कुढत राहतो. त्या दिवशी बसलो नाही. "तुझ्याकडे फोडणी कुठे देतात?" मी विचारलं.

"म्हणजे?"

"तुमचं ओपन प्लॅन किचन आहे ना. सोफ्याला वास लागतो म्हणून तळण आणि फोडणी कुठे करता?"

तो माझ्या बायकोकडे बघायला लागला, जणू ती मदत करील. "गॅरेजमध्ये. पण तिथे हीटर ठेवलाय आम्ही!"

"म्हणजे आई सोफ्यावर उबेत बसणार आणि आमटीला फोडणी द्यायची तर गाडीशेजारी उभी राहणार. कोट घालून."

"पाय गारठतात तिथे," आई खुर्चीतून म्हणाली. दोघांपैकी कुणाकडेही न बघता.

"आई, तू कधी बोलली नाहीस!"

"तू विचारलंस का? यानेही नाही विचारलं, चिकटवून मोकळा झाला." तिने ब्लँकेट बाजूला केलं आणि उठली. "मला काय तुम्ही आलटून पालटून कपाटासारखं हलवणार का रे? भूक लागली असेल तर सांगा."

ती स्वयंपाकघरात गेली. आम्ही मागोमाग गेलो. तिने वरचं तावदान हातभर खाली ओढलं, गॅस पेटवला, तेल टाकलं आणि लसूण ठेचायला घेतली. भाऊ एकदम वळला आणि पॅसेजकडे निघाला. मला कळलं तो कशासाठी निघालाय. माझेही पाय हलले होते.

"कुठे चाललास?"

"कोट गाडीत ठेवून येतो. उद्या ऑफिसला हाच..."

"राहू दे तो कोट तिथेच," आई म्हणाली.

तो थांबला.

"तुमचे कोट नेऊन नेऊन माझे जिने झिजले. आता नाही उचलायचे. कुणाला वास आला तर येऊ दे." आणि तिने मिरच्या तेलात टाकल्या.

धूर उठला, छताकडे गेला आणि वरच्या फटीतून शेजाऱ्यांच्या बागेकडे निघाला. अलार्म गप्प होता. आईच्या पोटावर वारा नव्हता. भाऊ दारात उभा राहून खोकला, मग त्याने नाक पुसलं आणि म्हणाला, "जरा जास्त झणझणीत कर."

जेवून तो निघाला तेव्हा सूटकेसमध्ये आईच्या साड्या नव्हत्या. चिवड्याचा मोठा डबा, अनारसे आणि टॉवेलात गुंडाळलेली आमटीची बरणी होती. त्याने कोट चढवला आणि बाहीचा वास घेतला. "सगळ्या मीटिंगला कळणार," तो म्हणाला.

"कळू दे," मी म्हणालो.

गाडी गेल्यावर मी स्वयंपाकघरात आलो. वरचं तावदान अजून हातभर उघडं होतं आणि ओट्यावर थोडा गारवा उतरत होता. सवयीने मी काठी उचलली, तिची आकडी चौकटीवर वाजली. पुढच्या खोलीतून आई ओरडली, "असू दे!" मी काठी भिंतीला टेकवून ठेवली.