बंद यंत्रावर वाचलेला उतारा

वाचणारी माणसं मला लहानपणापासून कमी दर्जाची वाटत आली. उत्तरेत, ब्रह्मा घाटावरच्या आमच्या मराठी घरात तसंच शिकवलं जाई. माझे वडील, आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो, वेदपाठी होते. सकाळी सहापासून ओसरीवर दहा-बारा विद्यार्थ्यांना संथा देत. कुणी नवखा विद्यार्थी मांडीवर वही उघडून बसला, तर अप्पा ती वही उचलून खिडकीत ठेवत आणि दिवसभर त्याला ‘वाचक’ म्हणून हाक मारत. आमच्या घरात ही शिवी होती.

मी तीन वर्षांचा असताना गोवरात माझे डोळे गेले. आई रडली असेल, मला ते आठवत नाही. अप्पांनी मला उचलून ओसरीवर बसवलं आणि आल्यागेल्याला सांगू लागले, की याला पोथीचा मोह होणारच नाही. हे ऐकून मी फुगत असे. दोनदा ऐकलेलं माझं पाठ होई आणि तिसऱ्या वेळी मी ते कुणीही न विचारता म्हणून दाखवी. अप्पांचा एकच दंडक होता. शब्द चुकला तर ते तेवढा सुधारून देत, पण मध्ये थांबलं की माफी नव्हती. थांबणाऱ्याला पहिल्यापासून म्हणावं लागे आणि त्या दिवशी त्याचं जेवणाचं पान सगळ्यांच्या शेवटी मांडलं जाई. मी सात वर्षांचा झाल्यापासून माझं पान एकदाही शेवटी मांडलं गेलं नाही. ब्रेल मी अंधशाळेत शिकलो, तेही हिंदीतून आणि नाइलाजाने. घरी ती जाडजूड पुस्तकं मी दाराला टेकण म्हणून वापरली.

ही गोष्ट सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवची. मी संस्कृत घेऊन एम.ए. करत होतो. आमच्या कॉलेजात जिन्याखाली एक खोली अंध विद्यार्थ्यांसाठी काढून दिलेली होती. आम्ही आठजण होतो, त्यात मराठी दोघंच. मी आणि ती.

तिचे वडील रेल्वेत, नागपूरहून बदली होऊन आलेले. ती जन्मांध होती आणि सतराव्या वर्षापासून तिचे कानही जायला लागले होते. डावा संपला होता. उजव्या कानाशी तोंड नेऊन मोठ्याने बोललं तर ऐकू जाई. बी.ए.चं शेवटचं वर्ष, विषय राज्यशास्त्र. आम्ही बाकीचे कॅसेट ऐकून अभ्यास करायचो. तिला कॅसेटचा काय उपयोग? तिच्या विषयाचं ब्रेलमध्ये काही छापलेलं नव्हतं. तिची आई तिच्यासाठी ब्रेल शिकली होती आणि पाटीवर कागद लावून एकेक टिंब टोचून नोट्स उतरवून देई. दिवसाला चार पानं. आईच्या अंगठ्याला घट्टा पडलाय असं ती सांगायची.

बोलण्यासाठी तिने स्वतःची एक युक्ती काढली होती. तर्जनी आणि मधलं बोट, दोघांची मिळून सहा पेरं. ब्रेलचीही सहा टिंबं. जे अक्षर सांगायचं त्याची पेरं दाबायची. ती झपाझप वाचायची आणि आपलं उत्तर तोंडाने द्यायची, एका सुरात, गरजेपेक्षा मोठ्या आवाजात.

मला ती आवडत नसे. कारणही सांगतो. एकदा खोलीत मी कुठलातरी लांबलचक पाठ म्हणून दाखवत होतो आणि ती कान माझ्याकडे करून बसली होती. संपल्यावर म्हणाली, “तुझे कान मले दे, अन् मग म्हणून दाखव.” सगळे हसले. मीही हसलो, पण ते वाक्य काही मला पचलं नाही. त्यानंतर तिच्या पेरांवर मी मुद्दाम चुकीची अक्षरं दाबायचो आणि ती गोंधळली की इतरांना सांगायचो. मी तेवीस वर्षांचा घोडा होतो तेव्हा.

दिवाळीनंतर परदेशातल्या एका संस्थेने आमच्या खोलीला एक यंत्र दिलं. पंचांगाएवढं, खांद्याला अडकवता येईल असं. पुढच्या कडेला एका ओळीत वीस घरं आणि प्रत्येक घरात बारीक टोकं. लायब्ररीतले बाबू कॉम्प्युटरवर मजकूर टाइप करून तारेने यंत्रात भरत. मग बटण दाबलं की टोकं वर येत, त्यावरून बोट फिरवायचं, परत बटण दाबलं की पुढची वीस अक्षरं. टोकं बदलताना आवाज येई, शेजारच्या घरात मोहरी तडतडल्यासारखा. पुस्तक किती का जाड असेना, ते त्या पंचांगात मावे.

यंत्र इंग्रजीचं होतं. पण कुठली कळ दाबली की कुठली टिंबं उठतात ते पाठ करून बाबूंनी हिंदी भरायला सुरुवात केली. ‘ळ’ त्यांना ठाऊकच नव्हता. हिंदी शाळेत आम्हालाही तो कुणी शिकवला नव्हता. तिने सगळ्या कळा एकेक करून तपासल्या आणि अक्षराखालची आडवी रेघ दाबली की ‘ळ’ची तीन टिंबं येतात हे शोधून काढलं. मग बाबूंकडून पहिला मराठी शब्द भरून घेतला, ‘आंधळी’. त्यावर चार-पाच वेळा बोट फिरवून ती एवढ्या मोठ्याने हसली की बाहेरून शिपाई डोकावला.

दोन महिन्यांत तिने त्या यंत्रावर जे वाचलं, ते तिच्या आईला टोचायला दोन वर्षं लागली असती. प्रभारींनी, म्हणजे खोली सांभाळणाऱ्या हिंदीच्या प्राध्यापकांनी, ठरवून टाकलं होतं की परीक्षेपर्यंत यंत्र तिच्याकडेच राहील. फक्त जानेवारीत दिल्लीहून साहेब तपासणीला येणार होते, तेवढं पार पडू दे. साहेबांना एवढंच लिहायचं होतं की यंत्र चालू आहे की नाही. बिघाड असेल तर गॅरंटीत बदलून मिळणार होतं. दिल्लीच्या विक्रेत्याकडे तसंच दुसरं तयार पडलेलं होतं, पंधरा दिवसांत आलं असतं. गॅरंटी मात्र जानेवारीअखेर संपत होती. प्रभारींनी हे आम्हा आठहीजणांना बसवून नीट सांगितलं होतं. तेव्हा मला माहीत नव्हतं, असं मी म्हणू शकत नाही.

साहेबांपुढे वाचून कोण दाखवणार, यावर तिने हात वर केला. यंत्र वापरत होती तीच. प्रभारी म्हणाले, तिचा आवाज फाटतो, पाहुण्यांसमोर बरं दिसत नाही, आणि मला उभं केलं. मला चार दिवस आधी दहा ओळींचा एक स्वागताचा उतारा यंत्रात भरून दिला. मी तो दोनदा वाचला. पाठ झाला.

तपासणीच्या दिवशी कडाक्याची थंडी होती. सकाळी बिजली गेली आणि आली ती इतक्या जोरात आली, की खोलीतला एक बल्ब फुटला. यंत्र तेव्हा चार्जिंगला लावलेलं होतं. कुणाच्या लक्षात आलं नाही. अकराला साहेब आले, चहा झाला, आणि मला टेबलापाशी बसवलं. ती माझ्या डावीकडे, उजवा कान माझ्याकडे करून, यंत्राच्या कडेवर हात ठेवून.

मी बटण दाबलं. मोहरी तडतडली नाही. बोट ओळीवर ठेवलं तर ओळ सपाट, ताटाच्या बुडासारखी.

मी एवढंच म्हणायला हवं होतं, की सर, हे बंद पडलंय. त्याने माझं काही बिघडत नव्हतं. यंत्र बदलून आलं असतं. पण खोली शांत झाली होती, सगळे माझ्या तोंडाकडे कान लावून होते, आणि मला थांबता येत नव्हतं. मी सुरुवात केली. आवाज छान लागला होता. सपाट ओळीवरून बोट सरकवत, दर वीस अक्षरांनी बटण दाबत मी पाचव्या ओळीपर्यंत आलो. मला मजा यायला लागली होती, हेही लिहितो. यंत्राशिवाय यंत्र वाचून दाखवत होतो आणि समोरच्या डोळस माणसाला कळत नव्हतं. साहेबांचा श्वास माझ्या तोंडाच्या दिशेने येत होता. ते बोटाकडे बघतच नव्हते.

तिला कळलं. कडेवरच्या हाताला टोकांची थरथर लागली नाही. तिने हात पुढे सरकवून माझ्या बोटाच्या मागोमाग ओळीवर आपलं बोट फिरवलं आणि उभी राहिली.

“ये बंद है,” ती म्हणाली, त्या तिच्या फाटक्या आवाजात. “ये पढ़ नहीं रहा है। इसको रटा हुआ है।”

माझा उतारा आठव्या ओळीत तुटला. लहानपणापासून पहिल्यांदा. साहेबांनी विचारलं, “क्या कह रही हैं ये?”

मी मान तिच्यापासून पलीकडे वळवली, आवाज उतरवला आणि म्हणालो, “इसको ठीक से सुनाई नहीं देता, सर।”

साहेब “अच्छा, अच्छा” म्हणाले. प्रभारींनी तिला खांद्याला धरून खाली बसवलं. मी राहिलेल्या दोन ओळी म्हटल्या. टाळ्या वाजल्या. एका कागदावर माझा अंगठा घेतला, कारण एम.ए.च्या वर्गात बसत असलो तरी आंधळ्याची सही चालत नसे. साहेब पेढा खाऊन गेले.

ते गेल्यावर तिने माझ्यापुढे हात धरला. काय म्हणाले ते? मी तिच्या पेरांवर दाबलं, बंद आहे असं त्यांनी लिहून घेतलं. ती हुश्श करून बसली. म्हणाली, मले वाटलं कोणी ऐकलंच नाही. त्या दिवशी घरी जाऊन तिने आईला सांगितलं की आता टोचू नको, पंधरा दिवसांत नवीन येतंय. आणि आईने खरंच टोचणं थांबवलं.

मी घरी गेलो आणि अप्पांना सगळं सांगितलं, तिचं सोडून. अप्पांनी विचारलं, “अडखळला नाहीस ना?” मी नाही म्हणालो. त्यांनी आईला हाक मारून माझ्या पानात जास्तीचं तूप वाढायला सांगितलं. मी ते खाल्लं.

पंधरा दिवस गेले, तीन आठवडे गेले. ती रोज प्रभारींकडे जाई आणि प्रभारी टोलवत. यंत्र बंद असल्याचं त्यांना त्याच दुपारी कळलं होतं, पण चालू म्हणून लिहून गेलेलं यंत्र आता बंद आहे असं कळवलं, तर ते आपणच मोडलं असा अर्थ होईल, ही त्यांना भीती. त्यांनी ते कपाटात ठेवून कुलूप लावलं. शेवटी फेब्रुवारीच्या मध्यावर बाबूंना तिची दया आली. त्यांनी फाइलमधला अहवाल काढला आणि अक्षर-अक्षर तिच्या पेरांवर दाबून सांगितला. यंत्र पूर्णपणे चालू, विद्यार्थ्याने अस्खलित वाचन केले. खाली माझा अंगठा. गॅरंटी संपलेली.

मी खोलीतच होतो. ती माझ्याकडे आली नाही. भिंतीला धरून बाहेर गेली आणि पुन्हा त्या खोलीत आली नाही.

आईने परत टोचायला घेतलं, पण महिना उरला होता. चार पेपर तिने दिले. उरलेल्यांना ती बसलीच नाही. बाबूंकडून कळलं, की वडील परत नागपूरला बदली मागतायत आणि ती आता शिकणार नाही. मी तिच्या घरी गेलो नाही. पत्ता माहीत होता, रिक्षाने वीस मिनिटं.

मे महिन्यात एका दुपारी तीच आली. वडिलांनी तिला आमच्या दारापर्यंत आणलं आणि ते बाहेरच थांबले. ओसरीवर अप्पांची संथा चालू होती. मी तिला आतल्या खोलीत घेतलं. आई पाणी आणायला गेली. मी तिच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन म्हणालो की बस. तिने मान हलवली. तो कानही गेला होता.

ती म्हणाली, “त्या दिवशी मी बोलली, तेव्हा साहेबानं तुले काहीतरी विचारलं. तू काय सांगितलं त्याला? मले तेवढंच पाहिजे.” आणि तिने दोन बोटं पुढे धरली.

खोटं दाबता आलं असतं. सवय होतीच. पण बाहेर तिचे वडील उभे होते, ती एवढ्या उन्हात आली होती, आणि मला दुसरं वाक्यच सुचेना. मी दाबायला लागलो. इ. स. क. पुढे काना-मात्रा. तोंडाने ते वाक्य एका श्वासात निघून गेलं होतं. आता एकेका टिंबाला मला तिचं पेर शोधून दाबावं लागत होतं, आणि तिची बोटं गार होती, जराही हलत नव्हती. ‘सुनाई’वर आलो तेव्हा माझा हात थांबला. तिने वाट पाहिली. मी पुढे दाबलं. ‘देता’ झालं, ‘सर’ झालं, आणि मी हात काढून घेतला.

तिची बोटं तशीच पुढे होती. तिला वाटलं, अजून बाकी आहे.

“पुढे?” ती म्हणाली.

मी दाबलं, एवढंच.

“एवढ्यावरच मानलं त्यानं?”

मी दाबलं, हो.